वैनगंगेच्या वाळूवरची विलायती बोट

रत्नागिरीहून निघाले तेव्हा शेजारच्या सुलभावहिनींनी मला सरळच विचारलं, "बोटीच्या कामाला चंद्रपूरला? तिकडे समुद्र कधी गेला?" मी त्यांना नद्यांची नावं सांगितली. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्यात दोन लाडू जास्त घातले. आमच्याकडे ज्या माणसाची काळजी वाटते त्याला लाडू जास्त मिळतात.

मी चौतीस वर्षं कोकणातल्या एका जहाजबांधणी कारखान्यात बोटींचे आराखडे काढले. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहू लागले. विषय एकच: लोकांच्या येण्याजाण्याच्या सरकारी बोटी परदेशात बांधून का आणता? आपले सुतार आहेत, वेल्डर आहेत, धक्के रिकामे पडलेत, मग सातासमुद्रापलीकडे कशाला जाता? पत्रं बरीच छापून आली. त्यातलं एखादं कुणीतरी वाचलं असावं, कारण संक्रांत झाल्यावर एका सरकारी कार्यालयातून मला फोन आला. वैनगंगेवरच्या एका घाटासाठी परदेशातून बोट मागवली होती, ती चालत नाही, आता दुसरी घ्यायची आहे. परदेशीच घ्यावी की आपल्याकडच्या शिपयार्डातून बांधून घ्यावी, हे प्रत्यक्ष पाहून सांगा, असं तिथले साहेब म्हणाले. "तुमचा शेरा आला की त्याच दिवशी आदेश काढतो."

सोबत एक छापील फॉर्म आला. त्यात दोन चौकटी होत्या, 'परदेशी' आणि 'देशी'. कोणत्या चौकटीवर खूण करायची ते माझं बॅग भरण्याआधीच ठरलं होतं. एवढंच नाही, तर साहेबांनी पाठवलेली नदीची मापं घेऊन मी घरीच एक झकास आराखडा काढला आणि गुंडाळी करून नळीत घालून बरोबर घेतला. तेव्हा मी नदी पाहिलेली नव्हती.

दोन गाड्या बदलून बल्लारपूरला उतरले. स्टेशनबाहेर कोळशाची बारीक काळी धूळ आणि कागदाच्या लगद्याचा ओलसर वास, असं दोन्ही एकदम नाकात गेलं. पाळी सुटलेली माणसं दुचाक्यांवरून घरी निघाली होती. चहावाल्याने माझ्या हातातली लांब नळी पाहून विचारलं, "काय हाय वो बाई, बंदूक?" मी म्हटलं, बोट आहे. त्याने नळीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि चहात साखर जरा जास्तच घातली. मला सुलभावहिनींची आठवण झाली.

पोंभुर्ण्याची एसटी जंगलातून जाते. दोन्ही बाजूंना साग, मध्येच मोहाची झाडं, भाताच्या कापलेल्या बांध्या (बांध घातलेली खाचरं) आणि त्यांत उभी राहिलेली लाखोळी (लाखेची डाळ). मी खिडकीला नाक लावून बसले होते. कंडक्टरला कळलं मी काय शोधतेय ते.

"वाघ पाहून राह्यल्या का म्याडम?"

"दिसतो का इथे?"

"दिसते न. पन आज गुरुवार. तो शनवार-रविवारी दिसते, जिप्सीवाले आले का." त्याने गंभीर चेहऱ्याने माझं तिकीट फाडलं आणि पुढे गेला.

पोंभुर्ण्याला ग्रामसेवक गेडामभाऊ मोटारसायकल घेऊन आले होते. तिशीचा हसरा माणूस. माझी नळी त्यांनी पाठीला आडवी बांधली, मी मागे बसले, आणि आम्ही कोसमघाटाकडे निघालो. वाटेत एका गावात रस्ता काटकोनात वळतो. तिथे एका पानठेल्यापाशी गेडामभाऊंनी गाडी हळू केली. परदेशी बोट ट्रेलरवरून आली तेव्हा या वळणावर अडकली होती म्हणे. मग गावाने तो ठेला मालकासकट उचलून बाजूला ठेवला आणि बोट गेल्यावर पुन्हा जागेवर आणून ठेवला. ठेलेवाला आतल्या आत पानं लावतच होता. "बोटीनं आतापर्यंत सगळ्यात जास्त प्रवास रोडावरच केला," गेडामभाऊ म्हणाले.

घाटाच्या वरच्या कडेला आलो आणि वैनगंगा दिसली. मी समुद्राकाठची बाई, पाण्याचं कौतुक मला सहसा वाटत नाही. पण इथे पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती. पांढरी, रुंद, उन्हात चमकणारी वाळू, तिच्यात तीन-चार निळ्या धारा, आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्याचं जंगल. आणि अलीकडच्या वाळूत, पाण्यापासून चांगली लांब, एक पांढरीशुभ्र बोट बसलेली होती. काचेच्या खिडक्या, निळा पट्टा, टोकदार नाक. तिच्या टपावर झिंगे (तलावातली बारीक कोळंबी) वाळत घातले होते.

मी जवळ जाऊन पाहिलं आणि मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. सांध्यांचं काम इतकं सफाईदार होतं की नखाला कुठे खाच लागली नाही. आमच्या कारखान्यात आम्ही अशी सफाई क्वचित साधली. आत गाद्यांच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या. पुढच्या फळीवर बटणं आणि त्यांच्याखाली परक्या लिपीतली अक्षरं. एका बटणाशेजारी कुणीतरी खडूने 'हात लावू नये' असं मराठीत लिहिलं होतं, ते काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून. ग्रामसभा हल्ली या बोटीतच भरते, कारण अख्ख्या पंचक्रोशीत गाद्यांच्या खुर्च्या इथेच आहेत. बुडू नये म्हणून अंगात घालायची नारिंगी जाकिटं शेतांत गेली होती. त्यांची बुजगावणी केली आहेत आणि रानडुकरं त्यांना फार भितात, असं मला अभिमानाने सांगण्यात आलं.

तिची कहाणी थोडक्यात अशी. पावसाळ्यात ती आली, पूर असताना चार फेऱ्या ऐटीत झाल्या. पाचव्या फेरीला पूर ओसरला होता. बोट नदीच्या मध्यावर वाळूत रुतली आणि तिचा पाण्याखालचा पंखा मोडला. नदीचा मध्य म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द. चंद्रपूरकडचे म्हणाले बोट तुमच्यात, गडचिरोलीकडचे म्हणाले तुमच्यात. कागद इकडून तिकडे जात राहिले. शेवटी घाटावरच्या माणसांनी दोर लावून ती अलीकडे ओढली, तेव्हापासून ती चंद्रपूरची. नवा पंखा मागवलेला आहे. तो अजून यायचा आहे.

"ज्यांनी बांधली त्यांची काही चूक नाही," मी गेडामभाऊंना म्हटलं. "इथून जी मापं गेली, त्या मापांची बोट त्यांनी दिली."

"बरोबर आहे म्याडम. मापं श्रावणात घेतली. साहेब लोक तवाच आले होते, पूर पाहाले."

हे ऐकून मी मान डोलावली. माझ्या नळीतला आराखडा त्याच मापांवरून काढला होता, हे माझ्या लक्षात यायला आणखी एक दिवस जायचा होता.

माझी उतरण्याची सोय सोमाजीभाऊंच्या घरी केली होती. सोमाजीभाऊ साठीच्या पुढचे, अंगाने काटक, बोलायला अगदी कमी. ते ढिवर (नदी-तलावांवर मासेमारी करणाऱ्या) समाजाचे. घाटावरची जुनी लाकडी नाव त्यांनीच बांधलेली, तेच ती दुरुस्त करत आणि तेच चालवत. पलीकडच्या रानातल्या गावांची माणसं रविवारच्या बाजाराला त्याच नावेतून अलीकडे येतात. त्या नावेला दुसरा वाली नाही. सोमाजीभाऊ जे बोलत नाहीत ते सगळं त्यांच्या पत्नी पार्वताबाई बोलतात, त्यामुळे घरात शब्दांची टंचाई नसते.

ताटात भात, मरळ माशाचा झणझणीत रस्सा आणि लाखोळीचे वडे. मी दुसरा वडा तोंडात घातला आणि पार्वताबाईंनी मुद्द्याला हात घातला.

"सोमवारी मुकादमाची गाडी येते. आमी दोघंबी मिरची तोडाले तेलंगनात जातो. होळीपर्यंत तिकडेच."

"आणि नाव?"

"नाव बसन. कोन चालवन? कोन दुरुस्त करन?" त्यांनी माझ्या पानात आणखी रस्सा वाढला. "याईले नव्या बोटीचं काम भेटलं, त आमी नाई जात. सागाचं लाकूड गावानं रीतसर आनून ठेवलं आहे. फक्त वरून हो म्हनाले पाह्यजे. अन् थे तुमच्या सहीवर आहे म्हन्ते गेडामभाऊ."

मी म्हटलं, माझ्या फॉर्ममध्ये दोनच चौकटी आहेत, परदेशी आणि देशी.

"मंग याईची कोन्ती?"

मी जरा विचार करून म्हटलं, देशी म्हणजे आपल्या देशातला कारखाना. मोठा. आमच्या रत्नागिरीकडे वगैरे आहेत तसे.

"रत्नागिरी कुठी आली?"

मी सांगितलं. किती गाड्या बदलल्या तेही सांगितलं. पार्वताबाई ऐकत होत्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आयकलं का वो? म्हंजे थे बी फारीनच आहे."

सोमाजीभाऊ खाली मान घालून जेवत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मी दोन-तीन वर्षं वर्तमानपत्रांतून जे मुद्दे लिहीत आले, आपली माणसं, आपलं काम, जवळची दुरुस्ती, ते सगळे या बाईने माझ्याच अंगावर उलटवले होते, आणि माझ्या तोंडात तिचाच वडा होता. मला ओशाळल्यासारखं झालं.

तरीसुद्धा मी काही लगेच विरघळले नाही. रविवारी त्या नावेत म्हातारी माणसं बसतात, लेकुरवाळ्या बायका बसतात. उद्या काही झालं तर सही माझी. आराखडा नाही, प्रमाणपत्र नाही, फूटपट्टीसुद्धा नाही अशा माणसाच्या हाती सरकारी बोट द्या म्हणून मी कशी लिहू? मी सोमाजीभाऊंना म्हटलं, तुमची नवी बोट कशी असेल ते मला दाखवा. कागद नसेल तर तोंडी सांगा.

"उद्या दाखवतो," ते म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते सर्वांत लांब भाषण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेले तर ही गर्दी. या घाटाची रीत अशी की नवी नाव बांधायची तर आधी ती वाळूवर काढतात आणि तिच्यात बसून पाहतात. सोमाजीभाऊंनी ओल्या वाळूवर वेळूच्या काठीने मोहाच्या पानासारखा लांबट आकार काढला आणि म्हणाले, "बसा." बाजाराच्या दिवशी जसे बसतात तसे सगळे आपापलं सामान घेऊन त्या रेषेच्या आत शिरले. पलीकडच्या गावातल्या चार-पाच गोंड बायका जुन्या नावेतून मुद्दाम आल्या होत्या, हिरड्या-बेहड्याची पोती घेऊन. एक म्हातारबाबा काठी घेऊन, एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन. एक सायकल आली. दोन बकऱ्या आल्या.

मग भांडणं सुरू झाली. म्हातारबाबांना कडेला बसायचं होतं, तंबाखू थुंकायला बरं पडतं म्हणून. कोंबड्यांच्या बाईला बकऱ्यांशेजारी बसायचं नव्हतं. पोतीवाल्या बायकांपैकी एकीने मला "जोहार" केला आणि थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली, तेव्हा मीही वाळूच्या नावेत जाऊन बसले. सोमाजीभाऊ बाहेरून फिरत होते. कुणाचा गुडघा रेषेबाहेर गेला की पायाने रेष पुसायची आणि काठीने नवी काढायची. मध्येच एक बकरी उठून रेषेवरून सरळ बाहेर चालू लागली आणि सगळे एका सुरात ओरडले, "बुडाली, बुडाली!" पार्वताबाईंनी तिला 'पाण्यातून' कानाला धरून परत आणलं.

तासाभराने आकार ठरला. मधे रुंद, मागे बकऱ्यांना आणि सायकलला मोकळी जागा, बसायच्या फळ्या कडेने. सोमाजीभाऊंनी हाताने मापं घेतली, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि दोरीला गाठी मारल्या. बस, झाला आराखडा. मी हसत होते खरी, पण मनात एक विचार येऊन गेला आणि तो काही हसण्यासारखा नव्हता. एवढ्या वर्षांत मी बोटीत बसणाऱ्या एकाही माणसाला विचारलं नव्हतं की बाबा, तुला कुठे बसायचं आहे.

"आता तुमची काढा म्याडम," पार्वताबाई म्हणाल्या.

नळी उघडावीच लागली. मी आराखडा वाळूवर पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि पावलं मोजून माझी बोट वाळूवर काढली. देखणी होती. खुर्च्यांच्या सरळ ओळी, मधून चालायला वाट. तेच लोक माझ्या बोटीत बसले. माणसं बसली, पोती मांडीवर आली, सायकल डोक्यावर धरावी लागली, आणि बकऱ्या बाहेर उभ्या राहून आमच्याकडे बघत राहिल्या.

"बकऱ्या कुठी बसन?" कुणीतरी विचारलं.

"बकऱ्यांची तरतूद नाही," मी कबूल केलं.

सोमाजीभाऊ आराखड्यावर वाकून बघत होते. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "पान्यात किती बुडते हे?"

"अडीच फूट," मी अभिमानाने म्हटलं. "ती परदेशी तीन फूट बुडायची. मी अर्धा फूट वाचवलाय."

त्यांनी धोतर वर खोचलं आणि ते नदीत चालू लागले. पहिली धार ओलांडली, वाळूचा पट्टा ओलांडला, मोठ्या धारेत शिरले आणि ऐन मध्यात जाऊन उभे राहिले. पाणी त्यांच्या गुडघ्याच्या खालीच होतं. पलीकडच्या काठाशी डोह आहे म्हणून नाव लागते, पण तिथवर जायला आधी ही उथळ धार ओलांडावी लागते. तिथून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. कमी बोलणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो हे मला तेव्हा कळलं.

"म्याडम, आना तुमची बोट इथी!"

सगळा घाट हसला. म्हातारबाबांना ठसका लागला. मीही हसले, दुसरं करणार काय? श्रावणातल्या पुराच्या मापावर परदेशातल्या माणसाने बोट बांधली म्हणून मी चार पत्रं लिहिली असती, आणि इथे मी स्वतः नदी न बघता त्याच मापावर रेघा ओढून बसले होते. आराखडा गुंडाळून मी नळीत घातला आणि झाकण घट्ट लावलं.

म्हणजे देशीच्या चौकटीवरची माझी खूण गेली. परदेशीवर मी करणारच नव्हते. राहिले सोमाजीभाऊ, आणि त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये चौकटच नव्हती. पण खरी अडचण चौकटीची नव्हती. आकार त्यांना कळतो, नदी कळते, हे मी पाहिलं. पण कामाचा माणूस कसा आहे? नजर चुकवून एखादी फट तशीच सोडणारा आहे का? असे कारागीर मी पाहिलेत, हुशार, गोड बोलणारे, आणि बोट पाण्यात गेल्यावर गायब होणारे. एका वाळूच्या चित्रावरून माणसांचे जीव सोपवायला माझं मन घेईना. संध्याकाळी पार्वताबाईंनी विचारलं, "मंग काय ठरलं?" मी म्हटलं, शेरा गाडीत बसून लिहीन. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्यांच्यासारखी बाई गप्प बसली याचंच मला वाईट वाटलं. आतल्या खोलीत मिरची तोडायला न्यायचं गाठोडं अर्धं बांधलेलं होतं.

शनिवारी जुनी नाव वाळूवर पालथी घातली होती. दुसऱ्या दिवशी बाजार, त्याआधी तिच्या फटी बुजवायच्या होत्या. फळ्यांच्या सांध्यांत डांबरात भिजवलेल्या चिंध्या छिन्नीने ठोकून भरतात. मी शेजारी बसून बघत होते. दुपारी मला निघायचं होतं.

"म्याडम, तुमी किती बोटी बांधल्या?" सोमाजीभाऊंनी काम न थांबवता विचारलं.

"एकेचाळीस."

"हातानं?"

"कागदावर."

त्यांनी छिन्नी आणि हातोडी माझ्यापुढे धरली. त्यात टोमणा नव्हता, चहा द्यावा तशी दिली. मी पदर खोचला. हातभर लांबीची एक फट मी माझ्या हाताने भरली. डांबर बोटांना लागलं, साडीला लागलं, एकदा हातोडी अंगठ्यावर बसली. पार्वताबाई "हळू वो, हळू" म्हणत होत्या. पाऊण तास लागला. सोमाजीभाऊंनी फटीवरून अंगठा फिरवला.

"बरी आहे," ते म्हणाले.

मला काय आनंद झाला सांगू! शाळेत बक्षीस मिळाल्यावर झाला नव्हता. मी गेडामभाऊंना मोबाईलवर त्या फटीचा फोटो काढायला लावला. मग सगळ्यांचा निरोप घेतला. पार्वताबाईंनी वाळलेल्या झिंग्यांची पुडी दिली. सोमाजीभाऊंनी नुसते हात जोडले.

मोटारसायकल घाटाच्या कडेवर चढली आणि थांबली. मोबाईलला रेंज फक्त तिथेच येते, त्यामुळे गेडामभाऊंना रोजचे फोन तिथे उभं राहूनच करावे लागतात. ते बोलत होते, मी उतरून खाली बघत उभी राहिले. नदी, वाळू, पांढरी बोट, पालथी घातलेली नाव. नावेपाशी सोमाजीभाऊ बसलेले होते. ते काय करताहेत ते आधी कळलं नाही. मग दिसलं. ते मी भरलेली फट उकरत होते. छिन्नी घालून माझी चिंधी ओढून काढली, उलटसुलट करून पाहिली आणि मागे फेकून दिली. मग दुसरा तुकडा काढला.

पार्वताबाईंनी वर पाहिलं. त्यांना मी दिसले. त्यांनी घाईने नवऱ्याच्या दंडावर चापट मारली आणि माझ्याकडे हात दाखवला. सोमाजीभाऊंनी मान वर केली. हातातली छिन्नी त्यांनी चटकन मांडीखाली लपवली.

आम्ही तसेच एकमेकांकडे बघत राहिलो. शेरा माझ्या पिशवीत कोरा होता, हे त्यांना माहीत होतं. सोमवारची गाडी त्यांना माहीत होती. मोठ्या कारखान्यातल्या बाईचं काम तिच्या डोळ्यांदेखत उकरून काढल्यावर ती काय लिहील, हेही त्यांच्या मनात आलंच असणार. पार्वताबाई काहीतरी बोलत होत्या, बहुतेक "राहू द्या" म्हणत असाव्यात. सोमाजीभाऊंनी मांडीखालून छिन्नी काढली, मी बघत असतानाच पुन्हा फटीत घातली आणि राहिलेली माझी चिंधी ओढून बाहेर काढली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोन संपवून गेडामभाऊंनी विचारलं, "काय झालं म्याडम? कचरा गेला का?" मी म्हटलं, हो, चला.

बल्लारपूरच्या फलाटावर बाकावर बसून मी फॉर्म भरला. दोन चौकटींच्या खाली पेनाने तिसरी काढली आणि तिच्यात लिहिलं, 'कोसमघाट, वाळूवर'. तिच्यावर खूण केली. खाली 'बांधणाऱ्याची पात्रता' असा एक रकाना होता. त्यात एकच वाक्य लिहिलं: 'मी केलेलं काम यांनी माझ्यादेखत काढून टाकलं आणि पुन्हा केलं.' फोटो काढून साहेबांना पाठवला. गाडी सुटायच्या आत त्यांचा फोन आला.

"म्याडम, ही पात्रता लिहिलीय की तक्रार?"

"पात्रता," मी म्हटलं. "आणि आदेश आजच काढा. त्याच दिवशी काढतो म्हणाला होतात."

सोमवारी मी घरी पोहोचले. त्या दिवशी मुकादमाची गाडी कोसमघाटावर आली आणि दोन माणसं कमी घेऊन गेली, असं गेडामभाऊंनी कडेवर उभं राहून कळवलं.

घरी आल्यावर मी माझे जुने आराखडे कपाटातून काढून पाहिले. सगळे स्वच्छ. चौतीस वर्षांत माझी एकही रेघ कुणी खोडली नव्हती, आणि इतके दिवस मला वाटत होतं की त्या बरोबर होत्या म्हणून.